तरंगलहरी म्हणजे गाईचं गोमूत्र

मुलुंडच्या एका पालकांचा प्रश्न आहे: ‘मुलगी नववीत आहे. पुस्तकात ध्वनितरंग, क्लासचे सर म्हणतात ध्वनिलहरी, आणि परवा एका व्याख्यानात तरंगलहरी ऐकलं. बरोबर काय? आणि सरळ लाट का म्हणायचं नाही?’

तरंगलहरीचा निकाल आधी लावू, कारण डोकं तिथेच उठलंय. गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात एका वक्त्यांनी पाऊण तासात शंखाच्या तरंगलहरी, टाळ्यांच्या तरंगलहरी आणि सकारात्मक तरंगलहरी एवढ्या सोडल्या, की मी मोजायचं सोडून प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. अहो, तरंग म्हणजेच लहर. गाईचं गोमूत्र, पिवळा पीतांबर, तशी ही तरंगलहर. उरलेले दोन्ही शब्द बरोबर. फक्त समासात ‘नि’ ऱ्हस्व लिहा, ‘ध्वनीतरंग’ नको.

पण दोन्हींतला एक निवडा म्हणाल, तर मी डोळे मिटून तरंग घेईन. लहर मराठीत फार भटकली आहे. विषाची लहर येते, साहेबांची लहर फिरते, माणूस लहरी निघतो. तरंग मात्र आपलं काम सोडून कुठे गेला नाही. आणि त्याची व्युत्पत्ती इतकी देखणी आहे, की शाळेत ध्वनीचा धडा तिथूनच का सुरू करत नाहीत, हे मला कळत नाही.

मुळात धातू ‘तॄ’, म्हणजे पार जाणे. तरणे, तारणे, तारू, तीर्थ, अवतार ही सगळी त्याचीच प्रजा. ‘उतरणे’सुद्धा. म्हणजे लोकलमध्ये मागून ‘दादर उतरणार का?’ असा आवाज येतो, तेव्हा तो प्रवासी नकळत तरंगाच्या भाऊबंदाचंच नाव घेत असतो. मोनियर विल्यम्स यांच्या 1899 च्या संस्कृत-इंग्रजी कोशात तरंगचा अर्थ ‘पार जाणारा’ असा फोडून दिलाय. भुजंग, तुरंग, विहंग यांच्यात जाण्याचा ‘ग’ आहे, तोच इथेही. आमचे एक संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक मित्र यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते हा नुसता ‘अंग’ प्रत्यय, लवंगमध्ये आहे तसा, उणादिसूत्रांत, म्हणजे संस्कृत व्याकरणातल्या सुट्या प्रत्ययांच्या यादीत, तसं सांगितलंय. असेल सांगितलेलं. उणादि म्हणजे वैयाकरणांचा माळा. जे खाली कुठे मावत नाही ते वर टाकायचं. ज्याला तरंग आणि लवंग एका डब्यात ठेवायचेत त्याने खुशाल ठेवावेत.

तर, पार कोण जातं? पाणी नाही. नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेला नारळ लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गेला, की बघत बसा. लाटेमागून लाट त्याच्याखालून किनाऱ्याकडे निघून जाते आणि नारळ आपला वर-खाली, वर-खाली. वाऱ्याने, प्रवाहाने सरकेल तेवढाच. याला मराठीने शब्द काय दिला? तरंगणे! तरंग पुढे गेला आणि जो जागीच राहिला, तो तरंगला. मला तर यात सबंध धडा दिसतो. (प्राध्यापकमहाशयांना योगायोग दिसतो.)

आवाजात वर-खाली मात्र शोधू नका. वहीत आपण नागमोडी रेघ काढतो, म्हणून पोरांना वाटतं हवा सापासारखी वळवळत जाते. ती रेघ दाबाचा आलेख आहे, हवेचं चित्र नव्हे. हवेचे कण आवाजाच्या जाण्याच्या दिशेतच पुढे-मागे हलतात, म्हणून तो अनुतरंग. पुन्हा लोकलमध्येच या. दादरला दारातला माणूस खांदा लावून ‘चला, आत सरका’ करतो. दारापाशी माणसं दाटतात, तो दाब पुढच्यांवर, त्यांचा आणखी पुढच्यांवर. क्षणात खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचा डबा छातीशी दाबला जातो. धक्का देणारा दारातच आहे. दाटी म्हणजे संपीडन, तिच्या मागची सैल जागा म्हणजे विरलन. 20 अंश सेल्सिअसच्या हवेत ही दाटी सेकंदाला सुमारे 343 मीटर पळते. हवेचा कण मात्र साध्या बोलण्यात केसाच्या जाडीइतकाही हलत नाही.

‘लाट’ का नको, ते आता सांगायला नको. लाट आदळते, फुटते, सोबत काहीतरी आणून टाकते. पावसाळ्यात मोठ्या भरतीनंतर मरीन ड्राइव्हचा रस्ता पाहा. तरंग नुसता उमटतो.

आणि आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, आवाजासाठी तरंगच धरला होता. वीचीतरंगन्याय! एक शब्द (त्यांच्या भाषेत शब्द म्हणजे आवाज) दुसरा शब्द उपजवतो आणि विरतो, दुसरा तिसरा, शेवटचा कानाशी पोचतो. कोणी म्हणे, एकच कशाला, कदंबाच्या गोंड्यासारखे दिशेदिशेला वेगवेगळे शब्द फुटतात, तो कदंबगोलकन्याय. सतराव्या शतकात विश्वनाथ या नैयायिकांनी कारिकावली या ग्रंथात दोन्ही मतं एका श्लोकात बसवली आहेत. यावरून ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं कोणी सुरू करील, म्हणून सांगतो: ते ध्वनीला पंचमहाभूतांतल्या आकाशाचा गुण मानत, हवेचा नव्हे. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1660 मध्ये छापलेल्या प्रयोगांत भांड्यातली हवा उपसली तसा घड्याळाचा आवाज विरत गेला, तिथे आकाशाचा पक्ष लंगडा पडतो.

हे सगळं मी प्राध्यापकमित्रांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, ‘वीची म्हणजे काय हो?’

वीची म्हणजेही लाटच.

‘मग वीचीतरंग चालतं आणि तरंगलहरी म्हणजे गोमूत्र?’

कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला.