पाण्याकाठचे प्रश्न : मोठा मासा का सोडायचा?

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहतो. ऑक्टोबरमध्ये गॅल्व्हेस्टनच्या जेटीवर यांच्या गळाला मोठा रेडफिश लागला. शेजारच्या माणसाने पट्टी लावली, ३२ इंच! यांनी तो सोडून दिला आणि नंतर मिळालेला २२ इंची घरी आणला. सासरे मालवणहून आले आहेत. ते अजून विचारतात, "मोठो सोडून बारको हाडलो, ही खंयची रीत?" त्यांना काय सांगू?
— एक सून

उत्तर : सासऱ्यांचं विचारणं अगदी रास्त आहे. मी देवगडचा. आमच्याकडे गरवायला गेलेला माणूस मोठा मासा सोडून आला, तर घरचे कपाळाला हात लावतील. म्हणून त्यांना आधी माशाची कुळी सांगा. रेडफिश हा आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला. विणीच्या दिवसांत याचे नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून घुमल्यासारखा आवाज काढतात. ही पिशवी म्हणजेच भोत, ज्याच्यापायी घोळीला सोन्याचा भाव येतो. एवढं सांगितलंत की ते पुढचं कान देऊन ऐकतील.

रेडफिश ऑगस्टच्या मध्यापासून साधारण नोव्हेंबरपर्यंत खाडीच्या मुखाशी अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि उथळ पाण्यातल्या गवतात कोळंबी-खेकडे खात तीन-चार वर्षं काढतात. वयात आली की समुद्राकडे जातात. तोवर त्यांची लांबी २८ इंचांच्या आसपास झालेली असते. त्यापुढे हा मासा चाळीस वर्षंही जगू शकतो आणि मादी दर हंगामात लाखो अंडी घालते. तुमच्या यजमानांच्या गळाला ऑक्टोबरात, तेही जेटीपाशी लागलेला ३२ इंची मासा बहुधा विणीसाठीच आला होता.

टेक्ससचा नियम यावरूनच बसवलेला आहे. २० ते २८ इंचांमधले, माणशी दिवसाला तीन. त्याखालचा लहान, त्यावरचा वंश चालवणारा. परवान्याबरोबर मिळणारा टॅग लावून एखादा मोठाही ठेवता येतो, म्हणजे तो ३२ इंची कायद्याने घरी नेता आला असता. तरी सोडलात, याचा मला मनापासून आनंद झाला. एवढ्या मोठ्या माशाचं मांस राठ असतं, चवीलाही २२ इंचीच सरस.

आणि हे नियम कुणाच्या लहरीने आलेले नाहीत. १९७०च्या दशकात इथल्या खाड्यांत जाळ्यांनी रेडफिश इतका उपसला गेला की हौशी गळवाले हवालदिल झाले. १९७७ मध्ये ह्यूस्टनमध्ये त्यांनी संघटना उभी केली, आणि १९८१ मध्ये टेक्ससने खाडीतल्या रेडफिशच्या विक्रीवर बंदी घातली. त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्सचे शेफ पॉल प्रूडोम यांचा मसाला लावून तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश देशभर गाजला. हॉटेलांची मागणी पुरवायला मोठ्या बोटी खोल समुद्रातले थवेच्या थवे उचलू लागल्या, आणि ते सगळे विणीचे मासे होते. अखेर मेक्सिकोच्या आखातात संघराज्याच्या हद्दीतलं पाणी या माशासाठी बंद झालं, ते आजही बंद आहे. हॉटेलात मिळतो तो बहुतेक शेततळ्यातला. सासऱ्यांना आणि नातवंडांना एकदा लेक जॅक्सनच्या सी सेंटर टेक्ससमध्ये घेऊन जा. खाडीत सोडायची रेडफिशची पिल्लं तिथे वाढवतात. कोकणातल्या माणसाला ते पाहून जे पटेल, ते माझ्या पत्राने पटणार नाही.

सोडायचं ते मात्र नीट सोडा. मासा कोरड्या दगडावर आपटू देऊ नका. हात आधी ओले करा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. फोटोसाठी नुसत्या जबड्याने लटकवणं मला बघवत नाही. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, दोरी जवळून कापा. पाण्यात डोकं पुढे करून धरा आणि तो स्वतः शेपूट मारेपर्यंत थांबा. आणि बारीक दोरीने तासभर खेळवू नका, दमलेला मासा सोडूनही मरतो.

प्रश्न : तळ्यातला क्रॅपी (गोड्या पाण्यातला छोटा चपटा मासा) गळाला लागतो आणि वर येता येता सुटतो. काय चुकतं?
— स्प्रिंगचे एक वाचक

उत्तर : हिसका. क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ असतं, हिसक्याने फाटतं. दोरी ताणलेली ठेवून सावकाश उचला आणि खाली जाळी धरा. पाण्यात बुडालेल्या फांद्या आणि धक्क्याचे खांब सोडून उघड्या पाण्यात बसलात तर दिवस फुकट जाईल. १० इंचांखालचे परत टाका, दिवसाला पंचवीसची मर्यादा आहे. लेक फोर्कवर मात्र हिवाळ्याचे वेगळे नियम असतात, ते वाचूनच जा. टेक्ससचा विक्रमी बास (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) याच लेक फोर्कवर मिळाला, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये. बॅरी सेंट क्लेअर जिवंत छोटा मासा लावून क्रॅपीसाठीच बसले होते. तेव्हा असा मोठा मासा ओढू लागला की दोरी सैल सोडणारा रीळचा ड्रॅग नीट लावलेला असू द्या.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला परवाना लागतो का?
— पेअरलँडची आई

उत्तर : नाही, सतरा वर्षांखालच्यांना लागत नाही. स्टेट पार्कच्या आत काठावरून गळ टाकायला मोठ्यांनाही लागत नाही. शेल्डन लेकपासून सुरुवात करा, तुम्हाला जवळ पडेल. तिथे मगरी आहेत, मुलीचा हात सोडू नका.

प्रश्न : रेडफिशचे खवले फार जाड, सुरी चालत नाही.
— एक सुगरण

उत्तर : काढूच नका. कातडी-खवल्यांसकट पाठीचा अख्खा तुकडा घ्या. मांसाच्या बाजूला आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि आगळ चोळून अर्धा तास ठेवा. मग खवल्यांची बाजू खाली करून ग्रिलवर झाकण घाला, उलटू नका. खालचे खवले करपतात, मांस वाफेवर शिजतं. चमच्याने सुटायला लागलं की झालं.