एरर दर अर्ध्या तासाला? आधी घड्याळ बघ

भाऊ, सर्व्हरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदींत) डिस्कची एरर सारखी दिसते म्हणून डिस्क बदलायची घाई नको करू. आधी त्या एररच्या वेळा बघ: १०:१२, १०:४२, ११:१२. बरोबर ३० मिनिटं! खराब डिस्क अशी घड्याळ लावून रडत नाही. हा स्मार्टडी (smartd), म्हणजे डिस्कवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम; सेटिंग बदललं नसेल तर तो दर १८०० सेकंदांनी डिस्कची तब्येत विचारतो. डिस्क रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणाऱ्या कार्डाच्या) मागे असली की साधा प्रश्न तिच्यापर्यंत पोचतच नाही, अन् लॉगात एरर पडते. (यापायी मी एक धडधाकट डिस्क काढून टाकली होती.) स्मार्टडीची सर्व्हिस तासभर थांबव, एरर थांबली तर चोर सापडला. मग त्याच्या कॉन्फिग फाइलीतली डिव्हाइसस्कॅनची (DEVICESCAN, सगळ्या डिस्क आपोआप शोधणारी) ओळ काढून प्रत्येक डिस्क कंट्रोलरच्या प्रकारासकट लिही. स्मार्टडी कायमचा बंद मात्र नको. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ वर जातो, एसी दमतो, अन् डिस्क तापतात. तापमानाची मर्यादाही त्याच फाइलीत टाकून ठेव.