कबुलीचे गुण

सांगली, 3 ऑगस्ट 2025

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू इतक्या तावातावानं बोलत होतास की मी नुसतं हूं-हूं केलं आणि फोन ठेवला. काकू स्वयंपाकघरातून विचारत होती, कुणाचं भांडण लागलंय म्हणून. तिला काय सांगायचं? इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबावरून पुण्यातल्या एका खोलीत एक सांगलीकर आणि एक मिरजकर पंधरा दिवस बोलत नाहीत, हे तिला पटलं नसतं. मला फोनवर सुचत नाही. सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात उमर गेली, कागदावर मांडल्याशिवाय माझा विचार जागेवर येत नाही. म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं असं की प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एव्हर्टन क्लबाचे एका आरोपाला दहा गुण कापले, मग मँचेस्टर सिटीवर 115 आरोप आहेत तर 1150 गुण कापा. हिशेब ऐकून हसू आलं. तुझा दोस्त म्हणतो, आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, तुम्ही आर्सेनलवाले नुसते जळता. दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, आणि दोघांपैकी एकानंही निकालाचा मूळ कागद उघडलेला नाही, यावर मी भडंगाची पैज लावतो.

आधी एव्हर्टन घे. नियम साधा होता: तीन वर्षांत मिळून तोटा 10 कोटी 50 लाख पौंडांच्या वर जाता कामा नये. यांचा गेला 12 कोटी 45 लाखांवर. हे आकडे कुठून आले? कुणी छापा घालून आणले नाहीत, क्लबाच्याच हिशेबातून आले. मर्यादा ओलांडली हे क्लबानं कबूलच केलं होतं. वाद होता तो किती ओलांडली आणि नव्या स्टेडियमच्या कर्जाचं व्याज धरायचं की नाही यावर. नोव्हेंबर 2023 मध्ये दहा गुण गेले. फेब्रुवारीत अपिलात त्याचे सहा झाले, आणि एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबकाळासाठी आणखी दोन कापले.

त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या क्लबाची फाइल आली. त्यांची मर्यादा 6 कोटी 10 लाखच होती, कारण तीनपैकी दोन वर्षं ते खालच्या लीगमध्ये होते. तिथल्या वर्षाला 1 कोटी 30 लाख धरतात, वरच्या वर्षाला साडेतीन कोटी. ते 3 कोटी 45 लाखांनी पुढे गेले, म्हणजे एव्हर्टनच्या पावणेदोन पट. गुण कापले चार. एव्हर्टनवाल्यांचा भडका उडाला, आणि मी लिव्हरपूलच्या त्या बाजूला जन्मलो असतो तर माझाही उडाला असता. पण निकालात कारण लिहिलंय: हिशेब सहाचाच लागला होता, लवकर कबुली दिली आणि चौकशीला सहकार्य केलं म्हणून दोन परत दिले.

आता सिटी. आमच्या खात्यात दोन जातीच्या फाइली असत. एका जातीत संस्थेच्या ताळेबंदातच तोटा दिसतो. संचालक मंडळ मान खाली घालून बसलेलं असतं. आपण शेरा मारायचा, ऑडिट वर्ग ‘अ’चा ‘क’ करायचा आणि संध्याकाळच्या आत घरी. दुसऱ्या जातीत ताळेबंद चकाचक असतो, नफा असतो, लाभांश वाटलेला असतो, आणि कुणीतरी अर्ज केलेला असतो की हा ताळेबंदच खरा नाही. मग सहकार कायद्याच्या कलम 83 ची चौकशी. व्हाउचर, बँकेचे उतारे, जबाब, वकील, स्थगिती. त्यातून काही निघालंच तर कलम 88 खाली जबाबदारी कुणाची ते ठरवायचं, आणि तोवर दोन संचालक मंडळं बदललेली असतात. एव्हर्टनची फाइल पहिल्या जातीची, सिटीची दुसऱ्या. प्रायोजकांच्या उत्पन्नाची, मालकाशी संबंधित कंपन्यांची, प्रशिक्षकाच्या मानधनाची खरी माहिती दिली नाही, असे ते आरोप आहेत आणि क्लबानं ते सगळे नाकारलेत. एका फाइलीतले आरोप मोजून दुसऱ्या फाइलीच्या गुणांनी गुणायचे, हे मी आमच्या कारकुनालाही करू दिलं नसतं. शिवाय तो आकडासुद्धा लीगचा नाही. बातमीदारांनी मोजून 115 म्हटलं, पुढे कुणी 130च्या घरात नेलं.

आणखी एक सांगतो, ते तुला लागेल. 2023 आणि 2024 ची सिटीनं जिंकलेली जेतेपदं खरी आमची, आर्सेनलची होती, असं तू म्हणालास. दुसऱ्या वेळी तर दोनच गुणांनी हुकलं, तुझं दुःख मला कळतं. पण हिशेबाची खोटी माहिती दिल्याचे जे आरोप आहेत ते 2009-10 ते 2017-18 या काळातले. त्यापुढच्या वर्षांचे आहेत ते चौकशीला सहकार्य न केल्याचे. त्या पैशावर पाया घातला म्हणून पुढची इमारतही त्यांची नव्हे, असा युक्तिवाद तुला करता येईल. पण तो वेगळा युक्तिवाद झाला, आणि त्याला पुरावाही वेगळा लागतो.

तुझ्या दोस्तालाही माझा निरोप दे. युरोपच्या महासंघानं सिटीवर घातलेली दोन वर्षांची बंदी 2020 मध्ये क्रीडा लवादानं उठवली, हे खरं. पण असहकार्यासाठी एक कोटी युरोंचा दंड राहिलाच, आणि काही आरोप मुदतबाह्य ठरले. मुदतबाह्य आणि निर्दोष यांतला फरक त्याला तुझ्यापेक्षा लवकर कळेल, त्याच्या वडिलांचं जमिनीचं प्रकरण बारा वर्षं चाललंय.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता तुझ्या बाजूनं बोलतो. आरोप ठेवले फेब्रुवारी 2023 मध्ये. सुनावणी सुरू झाली सप्टेंबर 2024 मध्ये, संपली डिसेंबरात. आज ऑगस्ट उजाडला तरी निकाल नाही, आणि पंधरा तारखेला नवा हंगाम सुरू होतोय. तुझा हिशेब चुकीचा, पण राग चुकीचा नाही. हा राग मी एकदा फार जवळून पाहिलाय, आणि तेव्हा मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो.

पंचवीसएक वर्षं झाली असतील. इथल्याच एका स्पर्धेच्या शिस्त समितीवर मला घेतलं होतं, ऑडिटरसाहेब म्हणून. जिल्ह्याबाहेरचा खेळाडू चालणार नाही, असा नियम होता. नियम कुणासाठी ते तुला सांगायला नको. कोल्हापूरचा पोरगा संघात आला की अर्धा सामना तिथंच संपायचा. तासगावकडच्या एका गावाचा संघ होता, बूटसुद्धा सगळ्यांकडे नव्हते. त्यांच्याविरुद्ध तक्रार आली. कप्तानाला बोलावलं, एकोणीस-वीस वर्षांचा असेल. दहा मिनिटांत म्हणाला, “व्हय सर, माझा मावसभाऊ हाय, कोल्हापूरचा. आमचा बॅक तापानं पडलाय, म्हणून दुसऱ्याच्या नावावर खेळवला.” आम्ही जागच्या जागी संघ बाद केला. शिस्त म्हणजे शिस्त. मीच इतिवृत्त लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका तगड्या संघाविरुद्ध तशीच तक्रार आली, तीही दोन खेळाडूंबद्दल. त्यांचा मॅनेजर रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला घेऊन हजर. म्हणाला, तक्रार खोटी आहे, बदनामीचा दावा लावू. आम्ही म्हटलं, कागद तपासून घेऊ. शाळेला पत्र पाठवलं. दरम्यान उपांत्य सामना झाला, अंतिम सामना झाला, ढाल गेली, गुलाल उधळला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचं उत्तर आलं की या नावाचा विद्यार्थी आमच्या रजिस्टरला नाही. तेव्हा ढाल काचेच्या कपाटात होती आणि बक्षिसाचे पैसे कधीच संपले होते. समितीनं ठराव केला, ‘सक्त ताकीद देण्यात येत आहे.’ तोही मीच लिहिला.

पुढं कधीतरी तो गावाकडचा कप्तान एसटी स्टँडवर भेटला. त्याला सगळं कळलेलं होतं. रागावला नाही. म्हणाला, “सर, आम्हीबी कागद आणायला पायजे हुता.”

यावरून सिटीनं खोटे कागद दिले असं मी सुचवत नाही. तसं म्हणायला पुरावा माझ्याकडे नाही, तुझ्याकडे तर नाहीच. मला सलतं ते एवढंच की कबूल करणाऱ्याला आम्ही दहा मिनिटांत उभा आडवा केला आणि नाकारणाऱ्याला वेळ दिला. वेळ देणं चूक नव्हतं, नाकारणाऱ्याचं म्हणणं ऐकायलाच हवं. चूक ही की त्या वेळात आम्ही अंतिम सामना उरकला. आणि फॉरेस्टला जे दोन गुण परत मिळाले, तसं त्या पोराला द्यायला आमच्या नियमावलीत अर्धी ओळही नव्हती. एव्हर्टनचे लोक ‘भ्रष्ट’ लिहिलेली कार्डं हातात धरून स्वतःच्या मैदानात उभे राहिले, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून त्यांच्यात तो कप्तान शोधत होतो.

गुण कापले की भोगतो कोण, हाही प्रश्न आहेच. वेस्ट हॅम क्लबानं तेवेझ या खेळाडूचा करार करताना बाहेरच्या कंपनीचा त्याच्यावरचा हक्क लीगपासून लपवला, ते प्रकरण 2007 मध्ये आयोगापुढे आलं. क्लबानं कबूल केलं. आयोगानं 55 लाख पौंड दंड केला, गुण कापले नाहीत. हंगाम संपत आलाय, खेळाडू आणि प्रेक्षकांची मेहनत वाया जाईल, असंही एक कारण दिलं. वाचताना मायाळू वाटतं. पण शेवटच्या दिवशी त्याच तेवेझनं मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर सामन्यातला एकमेव गोल केला आणि वेस्ट हॅम खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचला. तिकडे शेफील्ड युनायटेड घरच्या मैदानावर विगनकडून हरून खाली गेला, तोही गोलफरकात एका गोलानं. त्यांना पहिल्या लीगमध्ये परत यायला 2019 उजाडलं. एका गावच्या प्रेक्षकांवर केलेली दया दुसऱ्या गावच्या प्रेक्षकांच्या खात्यावर नावे पडली, आणि आयोगाच्या टेबलाशी शेफील्डचं कुणी बसलेलं नव्हतं. पुढे दोन्ही क्लबांनी पैशांवर तडजोड केली. ती क्लबांची झाली.

आपल्याकडचंही ताजं आहे. आय-लीगमध्ये इंटर काशी विरुद्ध नामधारी सामन्यात नामधारीनं अपात्र खेळाडू खेळवल्याची तक्रार झाली. एका समितीनं काशीला गुण दिले, अपील समितीनं ते काढले. एका गुणाच्या फरकानं गोव्याचे चर्चिल ब्रदर्स विजेते ठरले, करंडकही त्यांच्या हातात गेला, आणि गेल्या महिन्यात स्वित्झर्लंडच्या त्याच क्रीडा लवादानं विजेते काशी असल्याचं सांगितलं. चर्चिलच्या पोरांनी काय करायचं होतं सांग? आधी नाचले, मग ऐकलं.

तर आता तुझ्या स्पर्धेकडे येतो, कारण खरं काम तिथं आहे. दिवाळीनंतर विश्रामबागला सेव्हन-अ-साइड भरवताय आणि शिस्त समिती तुझ्याकडे आहे, हे तू भांडणाच्या भरात ओझरतं बोलून गेलास. नियमाचा कागद आत्ताच कर, पहिल्या सामन्यानंतर नको. खेळाडूंची यादी आणि ओळखपत्रं स्पर्धेआधी तपासून बंद कर, म्हणजे निम्म्या तक्रारी उगवणारच नाहीत. तक्रार सामन्यानंतर किती तासांत घ्यायची ते लिही. कोणत्या चुकीला किती गुण, तेही आधीच लिही. घटना घडल्यावर आकडा ठरवायला बसलात की समोरच्याचा चेहरा बघून ठरतो, हे मी स्वतःवरून सांगतो. आपणहून कबूल करणाऱ्याला किती सूट, त्याची ओळ विसरू नकोस, आणि ती सूट इतकीही नको की लोक चूक करून कबुलीच्या रांगेत उभे राहतील. चौकशी बाकी असेल तर अंतिम सामना पुढे ढकलायचा, मंडपवाला कितीही ओरडो. मंडपवाल्याशी मी बोलेन, त्याच्या पतसंस्थेचं ऑडिट मी केलेलं आहे.

आणि समितीवर तुझ्या त्या मिरजकर दोस्ताला घे. समोरच्याचं ऐकल्याशिवाय निकाल नको, हे तो गेले पंधरा दिवस ओरडून सांगतोय, तेही तुझ्यासारख्याला. फुकटात असा माणूस मिळत नाही.

गणपतीला दोघं या. एकाच गाडीनं आलात तर उत्तम.

तुझा,
काका

ता. क. एव्हर्टनचे दोन्ही निकाल मी छापून ठेवलेत, अपिलाचा आधी वाच. दहाचे सहा कसे झाले ते त्यात आहे. इंग्रजी जरा वकिली आहे, पण आमच्या निबंधकांच्या आदेशांपेक्षा पुष्कळ सोपं. भडंगाचा पुडा आणून ठेवतो, पैज कोण हरलं ते आल्यावर बघू.