मधुमेहाच्या रुग्णाला फार्मसीतला फार्मासिस्ट खरंच उपयोगी पडतो का?

हो, पडतो. माझ्या आईला तर त्याचा मोठा आधार वाटतो. डॉक्टरांसमोर ती संकोचते, काउंटरवर मात्र मोकळेपणानं विचारते. डिचोलीतल्या आमच्या फार्मासिस्टनं इन्सुलिनचं पेन हातात घेऊन तिला दाखवलं: बटण पूर्ण दाबा, दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. ती लगेच काढायची आणि औषधाचा थेंब पोटावरच राहायचा! न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही, हेही त्यानंच सांगितलं. डोस मात्र त्याला विचारून बदलू नका, ते डॉक्टरांचंच काम. आणि संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका. दुपारच्या सुट्टीनंतर दुकान उघडतं तेव्हा गाठा, निवांत बोलतो.