डासअळी सर्वेक्षणाला विद्यार्थी नेताना

पहिल्यांदाच विद्यार्थ्यांना वस्तीत नेणार असाल तर लांबलचक प्रश्नावलीऐवजी डासअळ्यांचं सर्वेक्षण घ्या. वेळ आशाताईंना ठरवू द्या. प्रत्येक जोडीकडे टॉर्च हवी. रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे मुलांनी स्वतः वाकून पाहावेत आणि ब्रेटो निर्देशांक, म्हणजे शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी, तिथेच पारावर बसून काढावा. एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्याला कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, का पाळायचा, हे मग आपोआप कळतं.

घरच्यांना विचारल्याशिवाय पाणी मात्र कुणालाही ओतू देऊ नका. टंचाईच्या भागात ते कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं. फडक्याने गाळून परत भरता येतं. भांडं आतून घासायला सांगा, अंडी कडेला चिकटून राहतात.