साडेसहा महिन्यांच्या बाळाला मोसंबीचा रस: द्यायचा का, किती, कसा

अगं, तुझा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण 14 वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न मी आईला फोनवर विचारला होता आणि तेव्हा मिळालेलं उत्तर आज मी देणार आहे त्याच्या बरोब्बर उलटं होतं. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

तर तुझं असं, की बाळ साडेसहा महिन्यांचं, नुकतंच उष्टावण झालंय, तांदळाची पेज आणि नाचणीचं सत्त्व चालू केलंस, तीन दिवस शी नाही. सासूबाई म्हणतात मोसंबीचा रस दे पोट साफ होईल, शेजारच्या काकू म्हणतात डाळिंबाचा दे रक्त वाढेल, आणि नवरा मॉलमधून सफरचंदाच्या ज्यूसचं खोकं घेऊन आलाय. आता यातलं काय, किती, पाणी घालून का तसंच, बाटलीने का चमच्याने.

यातला एकही रस आत्ता देऊ नकोस. फळ मात्र आजपासून दे. अगदी तीच मोसंबी दे, पण पिळून नको.

आणि हे मोसंबीवाल्यांच्या घरची मुलगी सांगतेय बरं का. माझं माहेर अंबडकडचं, जालना जिल्हा, आंबे बहाराची मोसंबी उतरायला लागली की आमच्याकडे पाहुण्याला पाणी नाही, रसच मिळायचा. त्यामुळे मोसंबीबद्दल वाईट बोलायला माझीच जीभ अडखळते. पण मोठ्या लेकाच्या वेळी मी काय करून बसले ते ऐक.

त्याला साडेचार महिन्यांपासून रस चालू केला, पहिले दोन चमचे, मग वाटी, मग सोयीचं पडतं म्हणून बाटली. पोरगं खूश, गोडच ते, का नाही आवडणार. नऊ-दहा महिन्यांचा होईपर्यंत दिवसाला दोन बाटल्या रस, वरण-भात समोर आणला की मान फिरवायचा, दूधही कमी झालेलं, आणि दिवसाला पाच-सहा वेळा पातळ शी. वजनाचा काटा दोन महिने हलला नाही. आम्ही जंताचं औषध काय, दृष्ट काढणं काय, सगळं करून झालं. शेवटी डॉक्टरांनी एकच विचारलं, रस किती देता? मी अभिमानाने सांगितलं, घरच्या बागेचा आहे हो! त्यांनी फक्त रस बंद करायला सांगितला, औषध काहीच दिलं नाही, आणि आठ-दहा दिवसांत शी घट्ट झाली, भूक लागायला लागली. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय मात्र सुटायला फार वेळ गेला आणि अडीच वर्षांचा असताना वरचे पुढचे दात काळे पडले ते पडलेच. बाटलीतलं गोड रात्रभर दातांभोवती साचून राहतं, झोपेत लाळही कमी सुटते, मग दुधाचे दात किडायला वेळ लागत नाही. धाकटीला दोन वर्षांपर्यंत रस दाखवलाच नाही.

आता सासूबाईंवर चिडू नकोस, कारण त्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. माझ्या सासूबाईंनी नवऱ्याच्या लहानपणीचा डॉक्टरांचा कागद जपून ठेवलाय, त्यावर स्पष्ट लिहिलंय, तिसऱ्या महिन्यापासून मोसंबीचा रस एक चमचा. डॉक्टरनेच लिहून दिलेलं! हे कुठून आलं तर जुन्या काळी जी बाळं अंगावर पीत नव्हती त्यांना उकळलेलं वरचं दूध नाहीतर डब्यातलं दूध मिळायचं, आणि गाईच्या दुधात मुळात व्हिटॅमिन सी कमी, त्यात उकळलं की असलेलंही बरंचसं जातं. अशा बाळांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्यांतून रक्त, पाय इतके दुखायचे की हात लावला तरी रडायची. थॉमस बार्लो नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी 1883 मध्ये लहान मुलांच्या या स्कर्व्हीचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याला बार्लोचा आजार म्हणायचे. त्यावर औषध काय, तर संत्र्याचा रस. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटिश सरकार लहान मुलांसाठी स्वस्तात संत्र्याच्या रसाच्या बाटल्या वाटायचं. म्हणजे रस हे औषध होतं आणि चमच्याने दिलं जायचं. दुखणं गेलं, औषध तेवढं घरात राहिलं, आणि चमच्याची झाली बाटली.

तुझं बाळ अंगावर पितंय, तुझं खाणं बरं असेल तर लागणारं व्हिटॅमिन सी त्याला दुधातूनच मिळतं, फॉर्म्युला असेल तर त्यात घातलेलंच असतं. आणि सहा महिन्यांच्या आत तर रस काय, पाणीसुद्धा नको, अगदी नागपूरच्या मे महिन्यात पण नको, कारण आईच्या दुधात 88 टक्के पाणीच आहे.

मग सहा महिन्यांनंतर थोडासा दिला तर काय बिघडतं? तर जागा अडते. बाळाच्या पोटाचा हिशोब साधारण किलोमागे 30 मिली धरतात, म्हणजे 7 किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिली मावतं. आईच्या 100 मिली दुधात 65-70 कॅलरी, वर फॅट, प्रोटीन सगळं. मोसंबी-संत्र्याच्या 100 मिली रसात 40-45, त्यात फॅट नाही, प्रोटीन नावाला, नुसती साखर. त्यात तू निम्मं पाणी घालणार म्हणजे 20-22 झाल्या. वरणाचं वरचं पाणी देतात ना पुष्कळ घरी, डाळ खाली ठेवून, तसलाच प्रकार हा, पोट भरतं आणि बाळ उपाशी. बरं, एक पेला रसाला तीन-चार मोसंब्या लागतात, तेवढ्या तू तरी एका बैठकीत सोलून खाशील का? चोथा गेला, चावणं गेलं, साखर तेवढी घटाघटा पोटात. आणि या वयात चावायला शिकणं हेच तर मुख्य काम आहे त्याचं, दात नसले तरी हिरड्यांनी शिकतात.

नियम विचारशील तर सगळ्यांचा एकच नाही, म्हणून गोंधळ होतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स 2001 मध्ये म्हणायची सहा महिन्यांच्या आत नको, 2017 मध्ये त्यांनी ते बदलून एक वर्षाच्या आत नको केलं, आणि 1 ते 3 वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त 120 मिली. आपली इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स जास्त कडक आहे, 2019 च्या त्यांच्या सूचनेत दोन वर्षांच्या आत रस नाहीच, 2 ते 5 वर्षांना 125 मिलीच्या आत, पाचच्या पुढे 250. डब्ल्यूएचओने 2023 मध्ये 6 ते 23 महिन्यांच्या मुलांना शंभर टक्के फळाचा रससुद्धा मर्यादितच ठेवा म्हटलंय. मी आपल्यावालीच धरते, कारण दोन वर्षांपर्यंत चव लागली नाही तर पुढे हट्ट कमी होतो हे धाकटीच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. पण उद्या आत्याने कौतुकाने दोन चमचे पाजले म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस, दोन चमच्यांनी काही होत नाही, रोजची वाटी नको एवढंच.

बरं, मोसंबी कशी द्यायची? फोड घे, साल-बी काढ, वरचा पांढरा पापुद्रा पूर्ण सोल, आतला गर बोटांनी मोकळा करून चमच्याने दे. पहिले दिवस तोंड वाकडं करेल, मजा येते बघायला. तोंडाभोवती लालसर चट्टे आले तर घाबरू नकोस, आंबट लागून येतात कधीकधी, पुसून घे आणि थोडे दिवस थांब, अंगभर पित्तासारखं उठलं किंवा ओठ सुजले तर मात्र लगेच डॉक्टर. आणि खरं म्हणजे सुरुवातीला मोसंबीपेक्षा सोपी फळं आहेत, पिकलेली पपई, चिकू, केळं, सफरचंद वाफवून. वसईकडचं कोणी ओळखीचं असेल तर राजेळी केळं मिळव, शिजवून कुस्करून काय सुंदर लागतं, आपणच अर्धं संपवतो. एका वेळी एकच नवीन फळ, दोन-तीन दिवस तेच, म्हणजे काही झालं तर कशाने ते कळतं. साखर घालायची नाही, मीठ नाही, आणि मध तर एक वर्षाच्या आत अजिबात नाही, गुटीतही नाही, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा आजार) होऊ शकतो आणि तो गंभीर असतो. द्राक्षं अख्खी नकोत, घशात अडकतात, मोठं झाल्यावरसुद्धा उभी चार फाकी करूनच दे.

डाळिंबाचं रक्ताशी नातं फक्त रंगाचं. त्यात लोह नावापुरतंच. सहा महिन्यांनंतर बाळाला बाहेरून लोह लागतं हे काकूंचं बरोबर आहे, पण ते डाळी, नाचणी, हिरव्या भाज्या, खात असाल तर अंडं-मटण यातून येऊ दे, आणि डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते चुकवू नकोस. आंबट फळाचा खरा उपयोग इथे आहे बघ, डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागायला व्हिटॅमिन सी मदत करतं, म्हणून मऊ वरण-भातावर, गॅस बंद केल्यावर, थोडं लिंबू नाहीतर मोसंबीची अर्धी फोड पिळायची. झाला की रस! आपल्याकडे वरणावर लिंबू पिळतात ते उगाच नाही.

शीचं म्हणशील तर आधी शी कशी होते ते बघ, किती दिवसांनी होते ते नंतर. अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस करत नाही आणि मग एकदम मऊ करतं, ते चालतं. खड्यासारखी कडक, कुंथून रडत होत असेल तर ती बद्धकोष्ठता, वरचं खाणं चालू झालं की बऱ्याच बाळांना होते. पपई दे, नासपती वाफवून दे, काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी बी काढून अगदी बारीक वाटून चमचाभर दे, जेवणाबरोबर वाटीने दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी दे, कच्चट केळं थांबव. नासपती किंवा प्रूनमध्ये (सुकवलेलं आलुबुखार) सॉर्बिटॉल नावाची साखरेसारखी गोष्ट असते, ती आतड्यात पाणी ओढते, म्हणून क्वचित डॉक्टर स्वतः त्याचा थोडा रस औषध म्हणून सांगतात, मग खुशाल दे, त्यांनी सांगितला तेवढाच. उलटी हिरवी झाली, शीत रक्त दिसलं, पोट टम्म फुगलं किंवा पिणंच सोडलं तर वाट बघू नकोस.

आणि उलट, जुलाब लागले तर रस मुळीच नाही. त्यातल्या साखरेने आणखी पातळ होते. तेव्हा अंगावरचं दूध चालू ठेवून ओआरएस, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. दुकानात ओआरएस म्हणून गोड रसासारखी खोकी मिळायची ना, ती खरी ओआरएस नव्हती, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला नसेल तर ते नाव वापरायलाच बंदी केली. केमिस्टकडून पुडीच घे.

नवऱ्याने आणलेलं खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाच. बहुतेक वेळा पाणी, मग कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस), मग साखर, असं असतं. 2024 मध्ये याच एफएसएसएआयने कंपन्यांना शंभर टक्के फळाचा रस हा दावा लेबलवरून काढायला लावला, कारण आतमध्ये कॉन्सन्ट्रेट आणि पाणी. नो ॲडेड शुगर लिहिलं असलं तरी फळाची स्वतःची साखर असतेच. ते खोकं नवऱ्यालाच पिऊ दे, आणलंय त्याने.

पुढे दोन वर्षांचा झाला की कपाने दे, जेवणाबरोबर, ताजा काढून लगेच, गाळल्याशिवाय. बाटली नको, सिपर घेऊन दिवसभर घुटके घेत फिरणं नको. रसवंतीचा रस आणि ज्यूस सेंटरचा बर्फ आणखी बरीच वर्षं लांब ठेव, ते भांडं कशात धुतात ते एकदा मागे जाऊन बघ, पुढे काही सांगायला नको.

राहिल्या सासूबाई. त्यांना नाही म्हणून बघितलंस तर आठवडाभर घरात अबोला, माझ्याकडे झालाय. मी धाकटीच्या वेळी वेगळं केलं, मोसंबी सोलायचं काम त्यांच्याकडेच दिलं. पापुद्रा काढायला त्यांच्याइतका पेशन्स कोणाला आहे? सकाळी उन्हात नातीला मांडीवर घेऊन बसायच्या, एक फोड तिला, अर्धी वरण-भातासाठी बाजूला, आणि उरलेली मोसंबी जबरदस्तीने मला, दूध पाजतेस ना म्हणून. रसाचा विषय परत निघालाच नाही. आज संध्याकाळी पपई देऊन बघ आणि शीचं काय झालं ते सांग.