‘लागू नाही’ की ‘जाणवत नाही’?

प्रश्न असा आहे : ‘अनिश्चितता तत्त्व फक्त सूक्ष्म कणांना लागू होते, रोजच्या वस्तूंना नाही’ हे वाक्य शब्दशः बरोबर मानायचं का? आणि यातली ‘अनिश्चितता’ म्हणजे आपल्याला माहिती नसणं, एवढंच का?

मला या वाक्यातल्या नामापेक्षा क्रियापद जास्त खटकतं. नियम ‘लागू नाही’ म्हटलं की सूट मिळाल्याचा अर्थ होतो. कुठेतरी रेघ ओढलेली आहे, तिच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, असं चित्र उभं राहतं. निसर्गात अशी रेघ अजून कोणालाही सापडलेली नाही. तत्त्व इलेक्ट्रॉनला लागू आहे आणि चेंडूलाही तितकंच लागू आहे. चेंडूच्या बाबतीत ते जाणवत नाही, इतकंच.

का जाणवत नाही, हे तत्त्वाच्या मांडणीतच आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने १९२७ साली ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ केनार्डने तिला नेमकं गणिती रूप दिलं : स्थानातला फैलाव (म्हणजे स्थान किती पसरट, किती अनिश्चित आहे ते) आणि संवेगातला फैलाव यांचा गुणाकार एका ठरावीक संख्येहून कमी होऊ शकत नाही. ती संख्या ज्यूल-सेकंदात लिहायची तर दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग ५३. ती सगळ्यांसाठी एकच आहे. कण लहान म्हणून वाढत नाही आणि वस्तू मोठी म्हणून घटत नाही. फरक पडतो तो ‘संवेग’ या शब्दामुळे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आपल्याला दिसतो तो वेग, त्यामुळे वेगातला फैलाव काढायला त्या चिमुकल्या संख्येला वस्तुमानाने भागावं लागतं. सगळी गंमत या भागाकारात आहे.

करून पाहू. इलेक्ट्रॉन अणूत असतो, म्हणजे त्याच्या स्थानातला फैलाव साधारण मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आकडे घातले की वेगातला फैलाव निघतो किमान ५८० किलोमीटर दर सेकंदाला. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा वेगच सेकंदाला सुमारे २,२०० किलोमीटर असतो, म्हणजे फैलाव त्याच्या पावपट किंवा त्याहून जास्त. अशा ठिकाणी ‘इलेक्ट्रॉन या वाटेने गेला’ हे वाक्यच अर्थहीन होतं. आता १६० ग्रॅमचा चेंडू घ्या आणि त्याचं स्थानही तितक्याच काटेकोरपणे, मिलिमीटरच्या कोटीव्या भागापर्यंत, पक्कं करा. या चेंडूच्या वेगातला किमान फैलाव इतका क्षुल्लक येतो की विश्वाचं आजवरचं सगळं वय, सुमारे १,३८० कोटी वर्षं, वाट पाहिली तरी त्यामुळे चेंडूच्या जागेत पडणारा फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीइतकाही भरणार नाही. वाऱ्याची एखादी झुळूक किंवा चेंडूवर पडणारा प्रकाश त्याला याच्या कितीतरी पट जास्त ढकलतो. चेंडू एकाच वेळी दोन ठिकाणी असल्यासारखा का वागत नाही, हा प्रश्न यालाच चिकटून येतो. पण त्याच्या उत्तरात भोवतालच्या हवेचा आणि प्रकाशाचा हात मोठा आहे, म्हणून तो इथे मिसळत नाही.

‘रोजच्या वस्तूंना जाणवत नाही’ यालाही अपवाद आहेतच. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही. त्याचे अणू हलके, एकमेकांवरची ओढ दुबळी. त्यांना एका जागी डांबायला गेलं की संवेगातला फैलाव वाढतो आणि ते पुन्हा सुटे होतात. गोठवायचंच तर सुमारे २५ पट वातावरणीय दाब द्यावा लागतो. दुसरं उदाहरण वजनदार आहे : गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोमधले ४० किलोचे आरसे. लेसरच्या प्रकाशातल्या पुंजीय (क्वांटम) चढउतारांमुळे हे आरसे किंचित हलतात हे मोजलं गेलं आणि २०२० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे वस्तू मोठी असली तरी मोजणारं साधन तितकं बारीक असेल तर ‘जाणवत नाही’ हेही टिकत नाही. उलट बाजूनेही पाहा : अणूतला इलेक्ट्रॉन केंद्रकावर जाऊन आदळत नाही, कारण त्याला तेवढ्या लहान जागेत कोंडायचं तर प्रचंड ऊर्जा लागते. टेबल टेबलासारखं टिकून राहतं त्यामागे हेही आहेच. तेव्हा रोजच्या वस्तूंचा या तत्त्वाशी संबंध नाही असं लिहिणं मला तरी धाडसाचं वाटतं.

आता नामाकडे. इथे मराठी शब्द बरा निघाला, असं माझं मत. ‘तारीख अनिश्चित आहे’ म्हणतो तेव्हा तारीख ठरलेलीच नसते. ठरली आहे पण मला कळलेली नाही, असा अर्थ नसतो. त्यासाठी आपण ‘तारीख ठाऊक नाही’ म्हणतो. पुंजभौतिकीला रूढ अर्थाने हेच म्हणायचं आहे : इलेक्ट्रॉनला एकाच वेळी नेमकं स्थान आणि नेमका संवेग नसतोच, ते आत कुठे दडलेले आहेत आणि आपली नजर अपुरी पडते, असं नाही. हायझेनबर्गने मूळ जर्मन लेखात एकच शब्द धरून ठेवला नव्हता. अचूकतेचा अभाव आणि ठरलेपणाचा अभाव, अशा दोन्ही छटांचे शब्द त्यात येतात. इंग्रजीत रुळला तो ‘अनसर्टन्टी’ हा मनातल्या साशंकतेकडे झुकणारा शब्द. काही जण ‘अनिर्धार्यता’ सुचवतात. शब्द चुकीचा नाही, पण जिभेला जड आहे आणि ‘अनिश्चित’ने काम भागत असताना कशाला? ‘कण पाहायला गेलं की धक्का बसतो आणि म्हणून अनिश्चितता येते’ हे स्पष्टीकरण मात्र जपून वापरावं. केनार्डच्या सूत्रात मोजणाऱ्याचा धक्का कुठेच नाही.

खरी अडचण येते प्रयोगवहीत. तिथे ‘१६० ग्रॅम, कमीजास्त १ ग्रॅम’ यालाही अनिश्चितताच म्हणतात, आणि ती चांगला तराजू आणला की घटते. एकाच लेखात दोन्ही येणार असतील तर तराजूवालीला सरळ ‘मापनातील अनिश्चितता’ असं पूर्ण नाव द्यावं आणि नुसतं ‘अनिश्चितता’ पुंजभौतिकीसाठी राखावं.